पिठासकट

या गावाला समुद्र नाही
तरी धक्का आहे. मालधक्का.
कुठल्याही किनाऱ्यापासून दिवसभराच्या वाटेवर,
इतवारीच्या रुळांलगत एक दगडी काठ
आणि त्याला लागायच्या वाघिणी.
वाघिणी म्हणजे मालगाडीचे डबे. हे सांगावं लागतं आता,
पोरांना वाटतं मी जंगलाची गोष्ट सांगून राहिलो.

धक्क्याला पाठ टेकून मिल उभी होती, पाच मजले.
वर गहू चढायचा, खाली पीठ उतरायचं,
आणि मधे काय व्हायचं ते
होरमसजी मिस्त्रीच्या कानाला ठाऊक.
रोलरला तो हात लावायचा नाही,
नुसता डोळे मिटून उभा राहायचा
आणि म्हणायचा, "तीन नंबर उपाशी हाय."

छत्तीस सालची. कोनशिलेवर मालकाचं नाव,
नावावर चुना, चुन्यावर कुठल्याशा निवडणुकीचं चिन्ह.
भोंगा सहाला, दोनला, दहाला.
दोनच्या भोंग्यावर आमच्या गल्लीतली बाळं निजायची.

माझा बाप काट्यावर. तुळाराम नंदेश्वर.
"नाव पाहूनच नोकरी देल्ली बे," म्हणायचा,
आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहायचा:
वजा बारदाना.

मग अमेरिकेचा लाल गहू आला.
मुंबईला जहाजातून उतरलेला, इथे वाघिणीतून,
पोत्यावर एकमेकांत गुंतलेले दोन हात.
त्या कापडाचा आईने मला सदरा शिवला.
दोन देश माझ्या पाठीवर हात मिळवून बसायचे
आणि मास्तर नेमके तिथेच छडी मारायचे.

एका पोत्यात शिंपला निघाला, नखाएवढा.
पोती शिवणाऱ्या बायांनी तो हातोहात फिरवला.
भागरता, माझी आई, तिने कानाला लावला.
"कायचा आवाज येते?"
"मिलचाच," म्हणाली, आणि सुई ओवली.

पीठ पेटतं.
भाकरीचं, पोळीचं, हेच पीठ
हवेत तरंगत असलं की बारूद असतं.
अडुसष्टचा मे. चाळणीघर. बाहेर सेहेचाळीस डिग्री.
कोणी म्हणतं बिडी, कोणी म्हणतं पट्ट्याची ठिणगी.
भोंगा अवेळी वाजला
आणि दोर ओढणारा पळाला तरी वाजत राहिला.
धक्क्यावरून जे लोक चालत आले
ते सगळे एकाच रंगाचे होते.
आई एकेकाच्या तोंडावरचं पीठ पदराने पुसायची
आणि पुढच्याकडे वळायची.

रजिस्टरात: मयत दोन, कायम कामगार.
बिसराम साहू, दुर्गकडचा, बदलीवर होता.
ज्याच्या नावावर तो पोती वाहत होता
तो त्या दिवशी साळ्याच्या लग्नात
पंगतीला बसला होता, जिवंत.
म्हणून कागदावर कोणीच मेलं नाही.

पुढचं सगळ्या मिलांसारखं.
संप, टाळं, कोर्ट, कबुतरं.
होरमसजीचे रोलर किलोच्या भावात गेले
आणि भोंगा कोणी नेला ते कोणालाच माहीत नाही.

परवा रद्दीवाल्याकडे काट्याची वही सापडली.
शंभर मागितले त्याने, साठला दिली.
बापाचं अक्षर, निळं, मुंगीसारखं.
गाडी, पोती, किलो, वजा बारदाना.
गाडी, पोती, किलो, वजा बारदाना.

रात्रपाळीला माल नसला की
तो काट्यावर माणसं चढवायचा, हे ऐकून होतो.
सदुसष्टच्या एका पानावर, रकान्याबाहेर, पेन्सिलीने:
बिसराम. ४८ किलो.
खाली काही वजा केलेलं नाही.
फक्त एक शब्द, जरा पुसट, घाईत लिहिलेला,
पिठासकट.